मीटरमावशींची नडगी

मीटरमावशी सव्वीस वर्षं जिने चढत होत्या. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपायचे, हे त्यांचं काम. डाव्या नडगीत कळ यायला लागली, तेव्हा त्यांनी ती अंगावर काढली. मग एक दिवस चौथ्या मजल्यावर पायच टेकेना.

हाडाला केसाएवढी चीर गेली होती. पडून नव्हे, चालून चालून. चार महिन्यांच्या विश्रांतीनंतरही ती सांधेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं.

"यातून अगदी सौम्य वीज हाडाला मिळते. काहींना गुण येतो, काहींना नाही."

"जन्मभर लोकांची वीज मोजली," मावशी म्हणाल्या, "आता माझंच कनेक्शन जोडा."

रोज दुपारी जेवणं झाली की त्यांचे यजमान यंत्राचा पट्टा नडगीवर बांधायचे. हाडाचा शिंपी माणूस; एक सुरकुती राहू द्यायचे नाहीत.

"घट्ट होतंय का गं?"

"काहीच कळत नाही हो. चालू तरी आहे का?"

"हिरवा दिवा लागलाय."

ना मुंग्या, ना चटका. खिडकीचा पडदा फुगायचा, बसायचा. डोळे मिटले की मावशी जिने चढू लागायच्या, पण आता पावलांना वजनच नसायचं. एका दारातून धुतलेल्या कपड्यांचा वास यायचा, दुसऱ्यातून कुणाचं तरी गुणगुणणं. मीटरवरचे आकडे पाण्यातल्या पानांसारखे संथ सरकायचे. एकदा तर त्या स्वतःच्याच नडगीत उतरल्या. आत लांबच लांब पांढरी गल्ली, मधोमध फट, आणि पलीकडून कुणीतरी एकेक दिवा लावत येत होतं.

जाग आल्यावर त्यांनी हे यजमानांना सांगितलं. ते हसले नाहीत. "लावू दे," एवढंच म्हणाले.

"आणि नाहीच भरलं तर?" मावशींनी पहिल्यांदाच विचारलं.

"तर तू बसून राहा, मी गावभरच्या बातम्या आणीन. तुझ्यासारखं तिखटमीठ लावता येत नाही मला, तेवढं चालवून घे."

तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये चिरेवर पांढुरकी साय धरलेली दिसली.

"भरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्रानं की विश्रांतीनं, ते मात्र मला सांगता यायचं नाही."

आणखी दीड महिन्यानं मावशी कामावर गेल्या, निम्म्याच घरांपुरत्या. दुसऱ्या मजल्यावर त्या जरा पायरीवर टेकल्या. नडगीवर हात ठेवून वाट पाहिली. पाय गप्प होता. जिन्यात ऊन उतरलं होतं, त्यात धुळीचे कण तरंगत होते.

"कोण आहे?" वरून कुणीतरी विचारलं.

"मीटर," मावशी म्हणाल्या, नि उठल्या.