लाल ठिपक्याची मिसरीची डबी

हे लिहू की नको यात सहा महिने गेले. कारण असे अनुभव वाचून मी आजवर नवऱ्याजवळ भरपूर टिंगल केली आहे. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या छातीवर कोण येऊन बसतं... छातीवर कुणी बसत नसतं हो. मेंदू जागा झालेला असतो आणि अंग अजून झोपलेलं असतं, एवढंच. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि हेच लोकांना समजावून सांगते. त्यामुळे ‘माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता’ एवढ्यावर माझं भागणार नाही. विश्वास न ठेवणं ही माझी नोकरीच आहे.

मी इंदापूरची. रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला येते. भिगवण रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर मॅडमचं क्लिनिक आहे, तिथंच तंबाखू सोडवायचं केंद्र चालतं. मॅडम तोंड तपासतात, मी माणसाशी बोलते. चहा झाला, जेवण झालं, बस हलली की हात आपोआप तंबाखूकडं का जातो, मेंदू दोन गोष्टींची गाठ कशी मारून ठेवतो, तलफ आली की घोटभर पाणी प्यायचं आणि थोडा वेळ कसा काढायचा... हे मी फार छान सांगते. समोरच्या बायका माना डोलावतात.

आणि मग मी मागच्या गॅलरीत जाऊन मिसरी लावायचे.

मुरडा नाकं. तेराव्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून आईनं तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड माझ्या हिरडीला चोळली, तेव्हापासूनची सवय. दिवसातून पाच-सहा वेळा. नवऱ्याला अंदाज होता, मुलीला नव्हता, मॅडमना तर अजिबात नव्हता. डबी बामची, रिकामी झालेली. घरातल्या खऱ्या बामच्या डबीशी घोळ व्हायला नको म्हणून झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो एका बाजूला ओघळून थेंबासारखा झाला होता. हे लक्षात ठेवा.

मिसरीचे दोन रिवाज ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तोंडात मिसरी असली की बाई बोलत नाही, कारण तोंड थुंकीनं भरलेलं असतं. काहीही विचारा — ‘हूं’. आमच्याकडं याचा कुणी राग मानत नाही, ती थुंकून येईपर्यंत थांबायचं. आणि मिसरी मागताना शब्द लागत नाहीत. उजव्या हाताचं पहिलं बोट नुसतं पुढं करायचं, समोरचीनं डबी उघडायची. बोलणं बंद असलेल्या जावाजावासुद्धा मिसरीला नाही म्हणत नाहीत.

मार्च संपत आला होता. दुपारचा एक वाजून गेलेला, बाहेर रणरणतं ऊन. मॅडम जेवायला घरी गेल्या होत्या. जिन्याचं लोखंडी गेट मी अर्धं ओढून घेतलं आणि डबी मुठीत धरून गॅलरीकडं निघाले, तर पेशंटच्या बाकावर एक बाई बसलेली. साठीच्या आसपासची, हिरवं नऊवारी लुगडं, पदराचं टोक डाव्या हातानं तोंडावर धरलेलं.

कुठनं आलात मावशी, म्हणून विचारलं. ‘हूं.’ नंबर लावलाय का? ‘हूं.’

मला हसूच आलं. तंबाखू सोडवायच्या केंद्रात बाई मिसरी लावून बसलीय. मी माझा कामाचा आवाज काढला आणि आधी खाली जाऊन थुंकून या म्हणून सांगितलं.

ती उठली नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं उजवा हात पुढं केला आणि पहिलं बोट माझ्यासमोर धरलं.

डबी मुठीत होती, मूठ मिटलेली होती. हिला कसं कळलं? पण लगेच मनाशी म्हटलं, वास येत असणार, व्यसनी माणसाला दुसरं व्यसनी माणूस बरोबर ओळखू येतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी डबी उघडून पुढं केली... नाही म्हणता येत नाही ना.

तिनं बोट बुडवलं, पण तोंडाकडं नेलंच नाही. ते काळं बोट तिनं माझ्या डाव्या गालावर टेकवलं, जबड्याच्या जरासं वर, आणि दाबलं. ते मला गालावर जाणवलं नाही. आतून जाणवलं — शेवटच्या दाढेमागं, हिरडीवर, कुणी तोंडात बोट घालून दाबावं तसं.

‘हूं?’ ती म्हणाली.

हे ‘हूं’ उत्तराचं नव्हतं. मॅडम पेशंटला ‘इथं दुखतं ना?’ विचारतात, तसं होतं.

आणि तिथं दुखत होतंच. दोन महिने झाले होते. गरम चहा झोंबायचा, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी गुपचूप उजव्या बाजूनं जेवायला लागले होते. मॅडम तपासताना दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात टॉर्च धरणारी मी, आरशासमोर स्वतःचं तोंड उघडत नव्हते.

तेवढ्यात आत फोन वाजला. डबी तिथंच टाकून मी अक्षरशः पळाले. मॅडमचा फोन होता, कुणाची तरी अपॉइंटमेंट बदलायची होती. बोलून बाहेर आले तर बाक रिकामा. गेट तसंच अर्धं ओढलेलं. ते सरकवलं की करकरतं, पण मी फोनवर होते, ऐकू आलं नसेल. डबी मात्र बाकावर नाही, बाकाखाली नाही, पर्समध्ये नाही. म्हातारीनं डबीच लांबवली म्हणत मी बेसिनपाशी गेले. आरशात पाहिलं, डाव्या गालावर बोटाचा काळा ठसा होता. साबण लावून तो दोनदा धुतला.

त्या दिवसापासून मी घाबरलेली होते, सरळ सांगते. गॅलरीत जायची हिंमत होईना. नवी डबी भरली नाही, आणि ते काही निर्धारानं वगैरे नव्हे. डबी उघडली की समोर बोट येईल असं वाटायचं. घरी भाकरी थापताना मागं कुणी ‘हूं’ केलं तर... अशी धास्ती. मुलगी अभ्यास करता करता ‘हूं’ म्हणाली तर तिच्यावर खेकसले, उगाचच.

दहाएक दिवसांनी मॅडमनी एक यादी काढली. एकदा येऊन गेले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत अशा जुन्या पेशंटची. फोन लागत नाहीत त्यांच्या घरी जाऊन यायचं होतं. माझ्या वाट्याला लोणी भापकरची एक शेवंताबाई आली. बारामतीहून एसटीनं गेले, विचारत विचारत घर गाठलं. सून दारात तूर पाखडत होती. तिनं आत बोलावलं, पाण्याचा तांब्या दिला. मी वर बघितलं तर भिंतीवर फोटो, फोटोला हार. हिरवं नऊवारी.

तांब्या माझ्या हातातून खाली ठेवला गेला की पडला, आठवत नाही.

सून सासूला आत्याबाई म्हणायची. दिवाळीच्या आधीच त्या गेल्या, असं तिनं सांगितलं. मी काही विचारायच्या आत तीच बोलत गेली.

‘जिभंचं आपरेशन झालं मॅडम. समदी जीभ काढली. शेवटाला नुसतं हूं हूं करायच्या. नव्या माणसाला वाटायचं, तोंडात मिसरी हाय.’

मी विचारलं, आमच्याकडं पुन्हा का आणलं नाही.

‘तुमच्याकडंच पयल्यांदा आणलं हुतं की. दोन वरसं झाली. जीभ सुजलेली, बोलाय येत न्हवतं. नाव-गाव चिठ्ठीवर लिवून दिलं हुतं. मी जिन्यातच हुते, आयकलं. तितल्या कुन्या बाईनं सांगितलं, आदी मिसरी थुकून या. आत्याबाई तशाच खाली आल्या. मी म्हणलं, वर जाऊन सांगते, तर माझा हात धरला आन् घरी चल म्हणून खुणावलं. पुन्ना कुटंच यायला तयार न्हवत्या. मग लई उशीर झाला.’

तिथल्या कुणा बाईनं. तिथं बाई म्हणून मी एकटीच आहे... मॅडमना कुणी बाई म्हणत नाही.

मी मान खाली घातली आणि मग भिंतीकडं पाहिलं. फोटोखाली देवळी होती आणि देवळीत डबी होती. झाकणावर लाल ठिपका, एका बाजूला ओघळलेला. ही शेवंताबाईंची का, म्हणून विचारलं.

‘न्हाय. त्यांची आमी सरणावर ठिवली. ही धा दिसांमागं झाडताना फोटूखाली गावली. म्हणलं, पोरीनं कुटनं आणली का काय. आत मिसरी हाय, टाकायला हात हुईना.’

मी झाकण उघडलं. काळ्या पुडीत एका बोटाची चरी होती. मी झाकण लावलं, डबी तिथंच ठेवली आणि निघाले. ती बाई मीच, हे सांगायची छाती झाली नाही.

क्लिनिकवर येऊन जुनी फाईल काढली. नाव, गाव, वय. खाली माझं अक्षर, माझी सही — ‘तोंडात मिसरी असल्यामुळे बोलली नाही. पुढच्या वेळी बोलावणे.’

त्याच संध्याकाळी मी मॅडमसमोर बसले, सगळं कबूल केलं आणि तोंड उघडलं. मॅडमनी टॉर्च मारला. दाढेमागं पांढरा चट्टा होता. तुकडा पुण्याला तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते लिहीत नाही. अजून कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होता. चट्टा काढून टाकला. काही महिने गेले असते तर गोष्ट वेगळी होती, असं मॅडम म्हणाल्या. ‘वेळेत दाखवलंस,’ हेही म्हणाल्या... मी कुठलं दाखवलं.

आता माझं शास्त्र. मी स्वतःला पेशंट समजून सगळं मांडून बघितलं आहे. शेवंताबाईंना मी दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. मी विसरले, मेंदू विसरला नाही. हिरडीचं दुखणं मी दडपत होते, मेंदूला ते माहीत होतं. वर लपूनछपून केलेल्या व्यसनाची शरम. दुपारचं ऊन, रिकामं पोट, तलफ. एवढ्या सामग्रीवर मेंदू बाकावर बाई बसवू शकतो. गालावरचा ठसा माझ्याच बोटाचा असेल. इथपर्यंत सगळं बसतं, मी परीक्षेत लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील.

पण डबी? मी त्याआधी कधीही लोणी भापकरला गेले नव्हते. शेवंताबाई सोडल्या तर तिथलं कुणी आमच्याकडं आलेलं रजिस्टरमध्ये नाही. मॅडमना विचारलं. त्या शास्त्राच्या बाई, म्हणाल्या, योगायोग असेल. पण तो ओघळलेला ठिपका माझ्या हातून ओघळला होता.

मागच्या महिन्यात पुन्हा जाऊन सुनेला सांगितलं — ती बाई मी. तिनं हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, ‘त्यास्नी ठावं हुतं म्हणून तर आल्या.’ मी तिला डबीबद्दल, बाकाबद्दल, बोटाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

आता समोर कुणी बाई तोंड मिटून ‘हूं’ म्हणाली तर मी तिला थुंकायला पाठवत नाही. आधी आ करायला सांगते.

मिसरी सुटली, तलफ सुटलेली नाही. जिथलं कापून काढलं ती जागा बधिर आहे. मॅडमनी सुई टोचून पाहिली, मला कळलंसुद्धा नाही. पण दुपारी जेवण झाल्यावर तलफ येते, हात आपोआप पर्सकडं जातो, आणि नेमकं तिथंच, त्या मेलेल्या जागेवर, कुणीतरी आतून बोट दाबतं. मी हात मागं घेते. आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून, हळूच ‘हूं’ म्हणते.