सागरगोट्यांचं कुंपण

मॅडमनी मला कामावर ठेवलं तेव्हा दोनच गोष्टी विचारल्या. झाडं जगवता येतात का, आणि एकटा राहशील का. दोन्हींना मी हो म्हणालो. सातवीत शाळा सोडून परभणीकडून इतक्या लांब, पोशीरजवळच्या या बंगल्यावर आलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

रानडुकरं बागेतली हळद उकरून जायची. पाऊस लागायच्या आधी मॅडमनी पिशवीभर सागरगोटे आणले. "याचं कुंपण कर. फांदीला काटे, शेंगेलाही काटे. डुकरं आत येणार नाहीत आणि पाहुणे बघत राहतील." जाताना म्हणाल्या, "गणपतीपर्यंत काही दिसलं नाही तर मी तार मारून घेते. मग माळ्याचं काय काम?"

हद्दीवर हातभर अंतरानं सगळे गोटे लावले. पंधरा दिवस झाले, महिना झाला, काही नाही. रोज सकाळी एखादा उकरून बघायचो. होता तसाच, करडा आणि गुळगुळीत. मॅडम व्हिडिओ कॉल करून विचारायच्या, "वर आलं का काही?" मी फोन जास्वंदीकडे फिरवायचो. "जास्वंद लई भारी आलीय, मॅडम." गावी परत जाऊन आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

असाच एकदा उकरत बसलो होतो. वरच्या ठाकरवाडीतली एक मावशी गवताचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली.

"काय रं, काय हरवलंय?"

"हरवलं नाही, मावशी. पेरलंय. उगवतच नाही."

भारा खाली टाकून तिनं गोटा हातात घेतला आणि अशी हसली की मीच लाजलो.

"रोज उठवून इचारतोस व्हय त्याला, झोप झाली का म्हणून? आरं, कवच किती जाड हाय! पाणी आत जाईल कुठनं? एका बाजूनं दगडावर घास, मंग रातभर भिजत टाक."

पहिला तिनंच पायरीवर घासून दाखवला. दुसरा मी घेतला. बोटांना ऊब लागली आणि एकदम शाळेची फरशी आठवली. सागरगोटा फरशीवर घासून तापवायचा आणि पुढच्याच्या मानेला चटका द्यायचा, यात वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यापायी छड्याही खाल्ल्या. शाळेत एवढं एकच नीट शिकलो होतो, आणि नेमकं तेच महिनाभर सुचलं नव्हतं. मावशीला सांगितलं, तर म्हणाली, "मंग घास आता गप. हितं मारायला मास्तर नाय."

सगळे गोटे पुन्हा वर काढले, घासले, भिजवले, लावले. दोन आठवड्यांत माती फुगली.

गणपतीत मॅडम आल्या तेव्हा रोपं जेमतेम वीतभर. मी मागे उभा. त्यांनी वाकून एकाला हात लावला.

"आई गं! एवढंसं आहे आणि टोचतंय!"

बोट चोखत त्या हसायला लागल्या. तारेचं नाव पुन्हा निघालं नाही. हे मावशीनं शिकवलं, असं मी लगेच सांगून टाकलं. न सांगता झोप लागली नसती.

आता दोन-तीन वर्षं झाली, डुकरं बाहेरूनच वळतात. पहिल्या शेंगा वाळल्या तेव्हा मावशी नातवाच्या गुटीसाठी गोटे मागायला आली. तिला हात लावू दिला नाही, मीच काढले. कोपरापर्यंत ओरबाडलो. ओंजळभर दिले तर तिनं त्यातले चार परत माझ्या हातावर ठेवले.

"कोपऱ्यात भोक ऱ्हायलंय बघ तुझ्या कुंपणाला. तिथं लाव," म्हणाली. आणि वाडीच्या वाटेला लागल्यावर मागे वळून ओरडली, "घासून रं!"