अक्काने वाजवून आणलेली घागर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. करणी, उतारा, अंगात येणं – सगळ्यांविरुद्ध आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रकं काढली. त्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले आणि पुढे तीच पत्रकं चाळीसगाव स्टँडवर वाटली. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण पाहिलेलं लपवणं ही त्याहून मोठी लबाडी.

आमचं गाव चाळीसगाव–धुळे रस्त्यावर. दोन खोल्यांचं घर. पुढचं दार, मागचं दार, बस्स. राहणारे तिघं – मी, आबा आणि आबांची मोठी बहीण, अक्का. अक्काच्या पोटातला कॅन्सर पसरला होता. तिला ते ठाऊक होतं. आबा मात्र सगळ्यांना "अल्सर आहे" सांगायचे.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरून पुजतात. आबांना ते पटत नाही, पण अक्कापुढे त्यांचं चालत नव्हतं. गेल्या वर्षी ती कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आली.

"दुसरी कोणाची?" आबांनी विचारलं.

"मनी. पुढला साल तू फुटकी लई येशी. मी वाजाडीसन लई उनी." तिने घागर बोटाने वाजवून दाखवली.

"अक्का, अभद्र बोलू नको!" आबांनी घागर हिसकावली आणि माळ्यावर उपडी घातली.

मी भडकले. "आबा, बोलल्याने मरण येतं, हे कोणत्या पत्रकात छापलंय?"

अक्का पोट धरून हसली. मग माझ्याकडे वळली. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवा, असं पत्रक मी त्याच महिन्यात काढलं होतं. सोबत कोरे अर्ज.

"काय वं माय, गावभर सांगत फिरस. मनं कव्हय लिखशी? माले घरमाच मरनं शे. नळ्या नको."

"आखाजी होऊ दे, निवांत लिहू," मी म्हणाले.

वेळ नव्हता असं नाही. त्या अर्जावर तिचं नाव लिहायला माझा हात धजेना.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना. धुळ्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. निघताना आबांनी कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात. तिसऱ्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "व्हेंटिलेटर लावावा लागेल असं दिसतंय. त्यांनी काही लिहून ठेवलंय का?"

कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

"सगळं करा," आबा म्हणाले.

"तिला नको होतं," मी म्हटलं. आबांनी मान फिरवली. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला आणि अक्काचं आधार कार्ड मागितलं. आबांकडून किल्ली घेऊन मी अकराची बस पकडली.

कुलूप उघडलं तेव्हा भर दुपार होती. अक्काच्या खाटेशेजारी घागर उभी होती. माळ्यावरची, तीच. काठोकाठ भरलेली! बाहेरून पाझरत होती. कोरी घागर बराच वेळ पाणी पिते, मग कुठे पाझरते – म्हणजे आत्ताच कोणी भरलेली नव्हती. भोवतालची फरशी कोरडी. मागच्या दाराला आतून कडी.

आणि पाणी? आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो. निघायच्या आदल्या दिवशी मीच टाकी तिरपी करून शेवटची बादली काढली होती. शेजारच्या काकू तर जार विकत आणत होत्या.

मला भीती वाटली नाही, हे खरं. तळवा घागरीवर ठेवून मी बसून राहिले. किती दिवसांनी मन थंड झालं. मग फोटो काढला. फोटोत घागर दिसते, एवढंच.

आधार कार्ड घेऊन परतले आणि दवाखान्याच्या बाकावर आबांना सांगितलं.

"घागर-बिगर सोड," ते म्हणाले. "तिला काय हवं ते मला माहीत होतं, पोरी. मला ऐकायचं नव्हतं."

"मलाही लिहायचं नव्हतं, आबा."

व्हेंटिलेटरला आबांनीच नाही म्हटलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कसा द्यायचा, दुखलं तर कोणतं औषध, सगळं समजावलं. संध्याकाळी अक्का घरी आली.

पाच दिवस जगली. आबा उशाशी बसून ऐकायचे, आणि ती सांगायची. लुगडी कोणाला, रडायला कोणाला बोलवायचं नाही. "तेराव्याले बुंदी करा, जिलेबी नही. पाव्हना बठ्ठी जिलेबी खाई जातंस आनि मंग माले नावं ठेवतंस." पाणी ती त्याच घागरीतलं मागायची.

एकदा मी विचारलंच, "अक्का, कोणी भरली गं?"

"मी ते धुयाले दवाखानामा व्हती," ती म्हणाली. "तू शिकेल शे. तूच सांग."

सांगता येत नाही. कुलूप, कडी, छपराचे पत्रे सगळं तपासलं. मित्र म्हणतात, आबांचं मन वळावं म्हणून तूच भरलीस. भरली असती तर कबूल केलं असतं.

या आखाजीला आबा कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आले. दुसरी माझ्यासमोर बोटाने वाजवली. "ही माझी. अर्ज काढ."

त्याच दुपारी लिहिला. ती घागर आम्ही माळ्यावर टाकली नाही. खाटेशेजारी आहे, सगळ्यांना दिसेल अशी. रिकामी आहे. रोज सकाळी मी आत डोकावून बघते...