तिचं उत्तर त्यानं दिलं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन पद्धतीचा पेपर होता, आणि त्याच्यासोबत एक सर्वेक्षण करायचं होतं. मी विषय घेतला, दवनीवाड्यातल्या बायकांपर्यंत बातम्या पोचतात कशा. गाईड सरांनी वर्गात एक गोष्ट फार चांगली शिकवली होती. चिठ्ठ्या टाकून घर निवडायचं, त्या घरातली बाई निवडायची आणि मग उत्तरं तिनंच द्यायची. दुसरं कुणी बोललं की नमुना बिघडला. मी ते अगदी मनावर घेतलं.

गावात जाण्याआधी प्रश्न तपासून पाहावे म्हणून फुलचूरच्या आमच्या घरीच आईसमोर बसले. ती तांदूळ निवडत होती.

"आई, बातम्या तुले कुठून समजतात?"

"टीव्हीवरून," खाटेवरून बाबा बोलले.

"बाबा, मी आईले विचारून राहिली."

"मंग मी का वेगळं सांगून राहिलो? तिले त्यातलं काय समजते?"

आई नुसती हसली. बाबांच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचाच मला जास्त राग आला.

दवनीवाड्यात रोवणे, म्हणजे भाताची लावणी, सुरू होते. बाया दिवसभर शेतातल्या चिखलाच्या बांध्यांत वाकलेल्या, म्हणून मी संध्याकाळी जायची. दारात पुरुष बसलेले असायचे. कुठं नवरा बोले, कुठं सासरा, एका घरी तर दहावीतला मुलगा. एका काकांनी माझ्या हातातला कागदच ओढून घेतला.

"सांग, काय लिहायचं आहे? मी सांगतो."

"काका, काकूंनाच विचारायचं आहे. चिठ्ठीत त्यांचं नाव निघालं."

"नाव तिचं असन, घर माह्यं हाये. लिहायचं असन तं लिही, नाही तं जाय."

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, पायावरचा चिखल अजून धुतलेला नव्हता. मी काकांना डावलून विचारलं, "काकू, मोबाइल तुम्ही स्वतः चालवता का?"

"चालवते," काका म्हणाले.

"नाही चालवत," काकू हळूच बोलल्या.

काकांनी वळून पाहिलं. "जाय वं, चुलीकडं पाह्य."

त्या आत गेल्या. मी अंगणात तशीच उभी. तोंडात शिवी आली होती, ती गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू इतर बायांसोबत शेतावर निघाल्या होत्या. मला पाहून थांबल्या. मला वाटलं, आता मोकळं बोलतील.

"पोरी, घरी येऊ नोको आता. कायले भांडण लावून राहिली?"

एवढं बोलून त्या गेल्या. रागानं मला रडूच आलं. आणि तो राग काढायचा कुणावर? त्यांच्यावर तर नव्हताच.

कॉलेजात सरांनी माझे तक्ते पाहिले. निम्म्या ओळींत लिहिलेलं, उत्तर मिळालं नाही.

"अरे, नवऱ्यानं सांगितलं ना? तेच टाक. डेटा तो डेटा होता है."

"सर, बाईनंच बोलायला पाहिजे, हे तुम्हीच शिकवलं."

"वो पेपर में लिखने के लिए होता है."

त्यांच्यासमोर माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मग विषयाचं नाव बदला सर. बायकांना काय माहीत आहे याबद्दल नवऱ्यांचा अंदाज, असं ठेवा." सरांनी मला बाहेर जायला सांगितलं. गेले. पण एकही रिकामी जागा भरली नाही. उलट प्रत्येक रिकाम्या जागेपुढं लिहिलं, इथं तिच्याऐवजी कोण बोललं. आणि तेच निष्कर्षाच्या प्रकरणात सगळ्यांत वर घातलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाटलं, यांना कळलं.

"निरीक्षण चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हे मर्यादांमध्ये टाका."

मर्यादा म्हणजे शेवटचं अर्धं पान. वेळ कमी पडला, गाव एकच घेतलं, असलं काहीतरी तिथं लिहितात आणि कुणी वाचत नाही. बाईनं उंबऱ्याच्या आत राहायचं, त्यालाही आमच्याकडं मर्यादाच म्हणतात.

"सर, मला सापडलं ते हेच. हे मी हलवणार नाही."

गाईड सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मी पास झाले, वर्गात सगळ्यांत कमी गुणांनी. माझ्या एका मैत्रिणीनं खोलीवर बसून सगळी उत्तरं स्वतःच भरली होती. तिचे तक्ते सरांनी पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवले.