चढावर ती उतरायची

हदगावहून लातूरला लेकीकडं जायचं तर आम्ही नवरा-बायको मोपेडवर जायचो. एसटी हाय, पण एसटीत तिला मळमळायचं. मोपेड हळू चालायची, मग तिला सगळं बघायला मिळायचं. अर्धापूरच्या केळीच्या बागा आल्या की पाठीत बोट टोचायची. म्हणजे थांबा. दोन दिवस लागायचे. मधे लोह्याला तिच्या बहिणीकडं मुक्काम. मला घाई नव्हती, तिला तर न्हाईच.

अहमदपूरच्या अलीकडं एक चढ हाय. दोघं बसलो की गाडी अर्ध्यातच बसायची. म्हणून ती खाली उतरायची, मी एकटा वर जाऊन थांबायचो, ती मागून चालत यायची. कैक वर्षं असंच. चढाच्या कडेनं सीताफळीची झाडं हायेत. दिवाळीच्या सुमारास ती पदर भरून आणायची, त्यात उशीर करायची, मी खेकसायचो.

शेवटच्या खेपेला लईच उशीर केला. माझ्या दोन बिड्या ओढून झाल्या. आली तेव्हा तोंड पांढरं, पदर रिकामा.

"सीताफळं कुठायत?"

"दिसली न्हाईत ओ."

"मग एवढा वेळ काय करून राहिलीस? कुणासंगं गप्पा हाणत बसलीस?"

"माझ्या सवतीसंगं. लई चांगली बाई हाय."

मी हसलो न्हाई. गाडीला किक मारली. तिथून लातूरपर्यंत तिनं एकदाही बोट टोचलं न्हाई.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात लेकीच्याच घरी ती गेली. डॉक्टर म्हणला, हृदय लई दिवसांपासून थकलेलं होतं, चढताना दम लागायचा का? मी म्हणलो, न्हाई. लेक माझ्या तोंडाकडं बघत होती.

वर्षश्राद्धाला निघालो. लेक फोनवर म्हणली, "आबा, एसटीनं या." ऐकलं न्हाई. एकट्याला घेऊन गाडी चढ सरळ चढून गेली. वर सवयीनं थांबलो, गाडी बंद केली, मागं वळून बघत बसलो. किती वेळ, सांगता येत न्हाई. मग गाडी तिथंच लावली, पायी खाली उतरलो आणि परत चढलो. दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा ज्या दगडावर टेकलो, तिथून हात लांबवला की सीताफळ हाताला येत होतं. डोळे उघडलेली, पिकायला आलेली. झाडंच्या झाडं लगडलेली. आंधळ्यानं चाचपून तोडली असती.

एकही तोडलं न्हाई.

लातूरला पोचलो तर लेक दारातच उभी.

"एवढा उशीर, आबा?"

चप्पल काढायच्या आधीच बोललो. "तुझ्या आईला दम लागत होता. माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत. मी तिला सीताफळं इचारली."

लेकीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेली.