नाव झाकलेल्या बाटल्या

आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमधली यंत्रं सर्व्हरला जोडली, तेव्हापासून आकडे सर्व्हरवर साठतात आणि किस्से चहाच्या टेबलावर. आकड्यांचा बॅकअप आपोआप होतो. किश्श्यांचा मी घेते, कारण घरी ते सांगून तेवढाच विषय बदलता येतो. नाहीतर माझं एकच पालुपद: राहुरीजवळच्या ज्या अंगणवाडीत माझी लेक ईरा जाते, तिथल्या बोअरचं पाणी यंदा आमच्याकडेच तपासायला येणार आहे. खतांचं नायट्रेट त्यात उतरलं असलं तर?

*

जोडणी झाली आणि लगेच खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, असा आमचे लॅब अटेंडंट भोसलेमामा यांचा नियम. त्यांनी सगळी यंत्रं बंद करून हळदकुंकू वाहिलं. सर्व्हरने जोडणी करून गेलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला मेसेजवर मेसेज पाठवले. त्याचा घाबरून फोन, "लॅबला आग लागली का?"

"न्हाई," मामा शांतपणे म्हणाले, "पूजा हाय. प्रसादाला या."

*

एका यंत्राचं घड्याळ मागे होतं. ते एकटं होतं तोवर कुणाला पत्ता नव्हता. जोडल्यावर रिपोर्टवर दिसू लागलं, की नमुना लॅबमध्ये पोचायच्या आधीच त्याचा रिझल्ट तयार आहे.

लॅबप्रमुख साळवे सर म्हणाले, "बाहेरची पाटी बदला. भविष्य सांगतो म्हणून लिहा. गर्दी तरी होईल."

*

आता नमुना पुन्हा तपासायचा तर सॉफ्टवेअर कारण विचारतं, आणि लिहिलेलं कारण पुसता येत नाही. मी तर घराचं कुलूपही दोनदा ओढून बघणारी. एकदा त्या रकान्यात मी लिहून गेले, 'मन मानत नाही.'

सरांनी बोलावलं. "मॅडम, हे मन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं?"

"मूल झाल्यापासून बिघडलंय, सर."

*

मग अंगणवाड्यांच्या बाटल्या आल्या. तपासणाऱ्याने कुणाकडे झुकू नये म्हणून सॉफ्टवेअर गावांची नावं झाकतं. बाटलीवर नुसता कोड. ईराची बाटली कोणती, कळायला मार्ग नाही.

एकीत नायट्रेट मर्यादेच्या बरंच वर निघालं. पुन्हा लावली. तेच. सरांनी मंजुरी दिल्यावर नावं उघडली. ती बाटली आमची नव्हती, मिरजगावकडच्या एका वस्तीवरची होती. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याचं बरं वाटेना.

"फोन करून टाका," सर म्हणाले. "रिपोर्ट पोचेपर्यंत पोरं पीत राहतील."

तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी फोन उचलला. मी म्हटलं, "ताई, बोअरचं पाणी आजपासून मुलांना देऊ नका."

"उकळून चालंल का?"

"नाही. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, तसं ते उलट वाढतं."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मी तर रोज उकळूनच पाजत हुते, मॅडम. पोरांना काय हुऊ नये म्हनून."