धम्मशीलाचं लायसन

आमच्या पिंगळीत आशाताईचं काम करणारी धम्मशीला माझ्या भिंतीला भिंत लागून राहते. नवरा बन्सीधर पूर्णेला रेल्वेत, घरी येतो तो रविवारी. त्यानं बायकोला स्कूटी घेऊन दिली, पण चालवायचा पोरगा, धम्मदीप. वय सोळा. माय मांडीवर औषधाची पिशवी घेऊन मागं, अन् ह्याची गाडी वाऱ्यावर. वस्त्यांवरच्या बाळंतिणी, डोस द्यायची लेकरं, सगळं ह्या जोडीवर चालायचं.

एक दिवस फाट्यावर पोलिसानं हात दाखवला. "ताई, पोराचं वय काय?"

धम्मशीलाला खोटं बोलता येत नाही. "सोळा सरलंय, साहेब."

"मग ह्याला मागं बसवा. पोरगं गाडी चालवतंय तर गुन्हा मायबापावर लागतो. अन् पोराला पंचवीस वर्षांचा होईस्तोवर लायसन मिळत न्हाई."

बाई रडवेली होऊन घरी आली. गाडी बंद म्हणजे लांबच्या वस्त्या बंद. मी ओट्यावरच होतो. म्हणालो, "अगं, मग तूच शीक की."

"आबा, मला सायकल बी येत न्हाई."

"मला तरी कुठं येत होती? लग्नाला सायकलवर गेलो, थांबवायची कशी ते ठाऊक नव्हतं, तसाच मांडवात घुसलो. तरी त्यांनी पोरगी दिलीच."

ती हसली. हसली म्हणजे अर्धी शिकलीच.

शिकवणी आमच्या खळ्यावर. मास्तर धम्मदीप, अन् मास्तर लय कडक. "माय, समोर बघ. चाकाकडं काय बघायलीस?" बाई कडब्याच्या गंजीत जायची, पदर झटकायची, पुन्हा बसायची. लर्निंग निघालं, महिना सरला, अन् आम्ही परभणीला परीक्षेला गेलो.

आठाचा आकडा तिनं असा काढला, की मी बोटं मोडून दृष्ट काढली. आरटीओचे साहेब म्हणाले, "आता उजवीकडं वळा."

हिनं ऐटीत उजवा पाय बाहेर काढून हवेत धरला. आमचं अख्खं गाव तसंच वळतं.

"ताई, हे काय?"

"वळायलेय न्हवं का, साहेब."

"मग इंडिकेटर कशाला दिलाय?"

"मला वाटलं, शोभेला हाय."

साहेबसुद्धा हसले, पण नापास केलंच.

घरी आल्यावर मास्तराची पाळी. "पाय दाखवायला कुणी शिकवलं रे?" मायनं धरलं.

"मी तसाच वळतो की."

"अन् मागच्या ट्रकवाल्याला तुझा पाय दिसला नसता तर?"

मग रोज संध्याकाळी मायलेक नियमांचं पुस्तक घेऊन बसू लागले. पोरगा मोठ्यानं वाचायचा अन् मधेच अडायचा. "हे बी मी करत नव्हतो."

"वाच पुढं," माय म्हणायची.

दुसऱ्या खेपेला बाई पास झाली. पेढे तिनं आधी वस्त्यांवर वाटले, मग गावात.

आता सकाळी ती धम्मदीपला कॉलेजला सोडते. परवा हॉटेलाशी त्याच्या दोस्तांनी हटकलं, "काय धम्म्या, मायच्या मागं बसून?"

"आपल्याला लायसनवाला डायव्हर हाय. तुमच्याकडं हाय का?"

त्यांच्यातल्या एकाकडंही लायसन नव्हतं.

"लय बोलू नको," धम्मशीला म्हणाली, "हेल्मेटचा पट्टा लाव आधी." पट्टा लागल्याचा आवाज आला, तेव्हाच तिनं गाडी काढली.